पंचापुढे बोलताना

(ट्रस्टच्या विद्यार्थी वसतिगृहातील विधी शाखेच्या विद्यार्थ्यांचा संघ व्हिएन्ना येथील आंतरराष्ट्रीय लवाद स्पर्धेची तयारी करीत असताना, त्यांच्यासमोर केलेल्या भाषणाचे शब्दांकन.)



कायद्याच्या विद्यार्थ्यांना उपदेश करावयास एका कापड व्यापाऱ्याला उभे केले, याचे आपल्यापैकी काहींना आश्चर्य वाटले असेल. मी कायदेपंडित नव्हे. बी. कॉम.च्या अभ्यासक्रमात व्यापारी कायद्याचा एक पेपर होता, तेवढाच माझा कायद्याशी शैक्षणिक संबंध. पदवी हाती पडताच वडिलांनी पेढीवर बसविले आणि पुढची चाळीस वर्षे तागे मोजण्यात गेली. मात्र त्यांतील जवळजवळ वीस वर्षे आमच्या व्यापारी संघाच्या पंच मंडळावर काम करण्याची संधी मला मिळाली. मालाचा दर्जा, मापातील घट, रंगाची छटा, थकलेली उधारी अशा तक्रारी घेऊन दोन्ही पक्ष आमच्यापुढे येत, कधी स्वतः बोलत, कधी वकील आणीत. तुम्ही ज्या टेबलाच्या अलीकडे बसून बोलणार आहात, त्याच्या पलीकडे मी बसलो आहे. तिकडून कसे दिसते, एवढेच मी सांगणार आहे.

प्रथम ज्येष्ठ मंडळींसाठी या स्पर्धेची थोडी माहिती देतो. संयुक्त राष्ट्रसंघाचा आंतरराष्ट्रीय व्यापार कायदाविषयक एक आयोग आहे. त्याची स्थापना 1966 साली झाली आणि त्याचे सचिवालय आज व्हिएन्ना येथे आहे. विलेम व्हिस हे गृहस्थ या आयोगाचे सचिव होते. त्यांच्या नावाने 1994 साली अवघ्या अकरा संघांनिशी ही स्पर्धा सुरू झाली. आज तीत जगभरातील विद्यापीठांचे साडेतीनशेहून अधिक संघ उतरतात. तिची एक भगिनी-स्पर्धा 2004 पासून हाँगकाँग येथे भरते. दरवर्षी ऑक्टोबरच्या सुमारास एक कल्पित वाद जाहीर होतो. एका देशातील विक्रेता, दुसऱ्या देशातील खरेदीदार, करार, पत्रव्यवहार, तक्रार असा सगळा मजकूर त्यात असतो. डिसेंबरमध्ये दावेदाराच्या बाजूने लेखी निवेदन द्यावयाचे, जानेवारीत प्रतिवादीच्या बाजूने उत्तर द्यावयाचे आणि ईस्टरच्या आधीच्या दिवसांत व्हिएन्नात तीन लवादांसमोर तोंडी युक्तिवाद करावयाचा. प्राथमिक फेऱ्या चार. दोन वेळा दावेदार, दोन वेळा प्रतिवादी. त्यांतून चौसष्ट संघ पुढे जातात.

या मुलांना प्रवासखर्चासाठी साहाय्य करावे काय, हा विषय विश्वस्त मंडळापुढे आला तेव्हा एका सहकाऱ्यांनी रास्त प्रश्न विचारला. खोट्या खटल्यासाठी खऱ्या पैशाने परदेशी कशाला जावयाचे? तेवढ्या रकमेत दोन मुलांचे वर्षाचे शिक्षण होईल. हा प्रश्न ट्रस्टच्या पैशाची काळजी असणाऱ्यानेच विचारावा असा होता, आणि त्याचे उत्तर या मुलांसमोर देणे मला अगत्याचे वाटते.

सोलापूरकडे टॉवेल विणणारे माझे एक परिचित होते. माल चांगला, माणूस सरळ. परदेशातील एका खरेदीदाराशी त्यांचा व्यवहार जुळला. कराराच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत एक कलम होते की वाद झाल्यास तो अमुक परदेशी शहरात लवादामार्फत सुटेल. दर, पन्हा, वजन, पॅकिंग हे सगळे त्यांनी तीनदा वाचले होते. ते कलम मात्र वकिलाचे काम म्हणून सोडून दिले आणि वकील तर नेमलेलाच नव्हता. एका खेपेबद्दल रंग सुटल्याची तक्रार आली, पैसे अडकले आणि पाठोपाठ लवादाची नोटीस आली. त्यांनी जवळपासच्या दोन-तीन वकिलांना विचारले. कोणी म्हणाले, परदेशातला कागद आहे, इथे काय करणार? कोणी म्हणाले, उत्तर दिले तर अडकाल. म्हणून त्यांनी उत्तर दिले नाही. लवादाने त्यांच्या गैरहजेरीत काम चालवून निवाडा दिला आणि त्या निवाड्याच्या अंमलबजावणीसाठी इथल्या न्यायालयात अर्ज दाखल झाला, तेव्हा त्यांना कळले की तो कागद इथेही चालतो. शेवटी एक गाळा विकून त्यांनी तडजोड केली. त्यांचा माल खरोखर सदोष होता की नाही, हे आजतागायत कोणी तपासलेले नाही. सांगणारा कोणी नव्हता, म्हणून त्यांची बाजू मांडलीच गेली नाही.

1958 साली न्यूयॉर्क येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय करारामुळे परदेशी निवाड्यांना ही ताकद आली. भारताने त्याला 1960 साली मान्यता दिली. ज्या देशांना आपल्या सरकारने राजपत्रात अधिसूचित केले आहे, तेथील निवाड्यांची अंमलबजावणी आपली न्यायालये 1996 च्या लवाद व समेट कायद्याखाली करतात. ती नाकारण्याची कारणे मोजकी आहेत, आणि ‘मला हे पटत नाही’ हे कारण त्या यादीत नाही. आपल्या भागातून कापड, यंत्रांचे सुटे भाग, साखर, बेदाणा असा कितीतरी माल बाहेर जातो. तो पाठविणाऱ्यांच्या शेजारी बसून ते शेवटचे कलम वाचणारी माणसे आपल्यातच तयार व्हावीत, म्हणून हा खर्च आहे. मुलांनो, तुम्ही चषक आणावा अशी आमची अट नाही. ते कलम वाचता येणारे होऊन परत या, एवढेच आमचे म्हणणे आहे.

आता तयारीविषयी.

पहिली गोष्ट, वादाचे कागद वाचा. तुम्हाला मिळालेली फाईल म्हणजे तुमचा माल आहे. ताग्याची घडी न उलगडता भाव सांगणारा व्यापारी आणि कागद न वाचता न्यायनिर्णय शोधावयास पळणारा वकील यांत फरक नाही. प्रत्येक पत्राची तारीख, लिहिणारा, वाचणारा, त्यात काय म्हटले आणि काय म्हटले नाही, याची खतावणी करा. आयोजक संघांच्या शंकांना उत्तरे देणारा एक आदेश नंतर प्रसिद्ध करतात. त्यातील एखादी ओळ तुमची अर्धी मांडणी उलटी करू शकते, म्हणून तो आला की खतावणी पुन्हा लिहा. फाईलमध्ये नाही ते तुमच्या मनाने भरू नका. वहीत नसलेली नोंद तोंडी सांगणाऱ्यावर पंचाचा विश्वास बसत नाही.

याचे एक उदाहरण देतो. आमच्यापुढे एक वाद आला होता. तयार कपडे करणाऱ्या एका कारखानदाराने रंगीत कापडाचे तागे घेतले आणि नऊ आठवड्यांनी तक्रार केली की छटा नमुन्याशी जुळत नाही. त्याच्या अनुभवी वकिलांनी आम्हाला तासभर कायदा समजावून सांगितला. दुसऱ्या बाजूला एक तरुण वकीलबाई होत्या. त्यांनी खरेदीदाराच्याच गोदामातील आवक चलन पुढे केले. त्यावर माल उतरल्यानंतर तिसऱ्या दिवशी गोदामवाल्याने शेरा मारला होता की छटा पाहिली, ठीक आहे. तासाभराचे भाषण त्या तीन-चार शब्दांपुढे टिकले नाही.

दुसरी गोष्ट याच वादातून सांगतो. त्या ज्येष्ठ वकिलांना आम्ही विचारले, हा शेरा तुमच्या माणसाचाच ना? त्यांनी उत्तर टाळले आणि विषय बदलला. तेथे त्यांनी आमचा विश्वास गमावला. वास्तविक त्यांच्याजवळ उत्तर होते. ट्यूबच्या उजेडात जुळणारी छटा दिवसाच्या उजेडात वेगळी दिसते, हे कापडातल्या पोरालाही ठाऊक असते. ‘होय, शेरा आमचाच आहे, परंतु गोदामात दिवसाचा उजेड नव्हता आणि फरक कपडे शिवून बाहेर काढल्यावरच दिसला’ असे ते म्हणाले असते, तर आम्हाला विचार करणे भाग पडले असते. आपल्या बाजूची उणीव आपणच आधी सांगावी. तुमच्या फाईलमध्ये तुम्हाला अडचणीचे असे दोन-तीन कागद नक्की असतील, कारण वाद रचणारी मंडळी दोन्ही पारडी सारखी ठेवतात. त्या कागदांची उत्तरे सर्वांत आधी तयार करा.

तिसरी गोष्ट कायद्याची. या स्पर्धेतील विक्रीच्या वादाला 1980 साली व्हिएन्नात संमत झालेला आंतरराष्ट्रीय माल-विक्रीचा करार लागू होतो. तो 1 जानेवारी 1988 पासून अमलात आहे. नव्वदहून अधिक देश त्यात सामील आहेत. भारत मात्र अद्याप नाही. म्हणून आपल्या मुलांचा पाय येथे घसरण्याचा संभव अधिक. आपला 1930 चा माल विक्री कायदा डोक्यात ठेवून तो करार वाचू नका. पुष्कळ गोष्टी ओळखीच्या दिसतील. नमुना दाखवून विकलेला माल नमुन्याबरहुकूम असला पाहिजे, हे आपल्या कायद्याच्या कलम 17 मध्ये आहे आणि त्या करारातील कलम 35 मध्येही आहे. परंतु त्या करारातील कलम 38 व 39 बघा. खरेदीदाराने परिस्थितीनुसार शक्य तितक्या लवकर माल तपासला पाहिजे, दोष कळल्यापासून किंवा कळावयास हवा होता तेव्हापासून वाजवी मुदतीत तो नेमका काय आहे हे विक्रेत्याला कळविले पाहिजे, आणि करारातील हमीची मुदत वेगळी नसेल तर माल हाती आल्यापासून दोन वर्षांनंतर तक्रारच करता येत नाही. ‘माल बरोबर नाही’ एवढे मोघम पत्र पुरत नाही. त्याच करारात कलम 7 असे सांगते की त्याचा अर्थ लावताना त्याचे आंतरराष्ट्रीय स्वरूप ध्यानात घ्यावे. म्हणून जर्मनी, ऑस्ट्रिया, चीन, अमेरिका अशा देशांतील न्यायालयांनी काय म्हटले ते वाचावे लागेल.

एक निर्णय तुम्ही वाचलाच असेल. 1995 साली जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयापुढे न्यूझीलंडहून आलेल्या खाद्यमालाचा वाद आला. विक्रेता स्वित्झर्लंडचा, खरेदीदार जर्मनीचा. मालात कॅडमियम या धातूचे प्रमाण जर्मनीतील आरोग्य खात्याने सुचविलेल्या मर्यादेहून अधिक निघाले. न्यायालयाने ठरविले की खरेदीदाराच्या देशातील असे सगळे नियम विक्रेत्याला ठाऊक असलेच पाहिजेत, असे सर्वसाधारणपणे म्हणता येत नाही. पॅकिंगविषयीची तक्रारही उशिराची ठरली. आपला व्यापारी माल पाठवितो तेव्हाही हाच प्रश्न उभा राहतो की तिकडचा नियम सांगण्याची जबाबदारी कोणाची? निर्णय पाठ करू नका. त्यामागचा व्यवहार समजून घ्या, म्हणजे लवादाने उलटसुलट विचारले तरी उत्तर सुचेल.

चौथी गोष्ट, लवादाच्या कार्यपद्धतीचा भाग कमी लेखू नका. साधारणपणे एक वक्ता प्रक्रियेवर आणि दुसरा मूळ व्यवहारावर बोलतो. या स्पर्धेत लवादाचे स्थान डॅन्यूबिया या कल्पित देशातील विंडोबोना या शहरी असते. विंडोबोना हे व्हिएन्नाचे रोमन काळातील नाव. या कल्पित देशाने संयुक्त राष्ट्रसंघाच्या आयोगाचा 1985 चा आदर्श लवाद कायदा 2006 च्या दुरुस्त्यांसह स्वीकारला आहे असे मानतात. आपला 1996 चा कायदाही त्याच 1985 च्या आदर्शावर बेतलेला आहे, त्यामुळे येथे तुम्हाला थोडा परिचयाचा आधार आहे. पण लवादाचे स्थान आणि बैठकीची जागा यांतील भेद मनात पक्का ठेवा. कोणत्या देशाच्या न्यायालयाने त्या लवादावर देखरेख करावयाची, हे स्थानावरून ठरते. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 2012 च्या बाल्को खटल्यात हेच तत्त्व स्पष्ट केले. सोलापूरच्या त्या गृहस्थांना हा एक भेद कोणी समजावून सांगितला असता, तर निदान धाव कुठे घ्यावयाची हे त्यांना कळले असते. शिवाय स्पर्धेत दरवर्षी निराळ्या लवाद संस्थेचे नियम लागू असतात. गेल्या वर्षीच्या मुलांच्या टिपणांवर विसंबू नका.

पाचवी गोष्ट बोलण्याची. प्रत्येक वक्त्याला जेमतेम पंधरा मिनिटे मिळतात आणि त्यांतही लवाद मध्येच प्रश्न विचारतात. तो अपमान नव्हे. आम्ही पंच मंडळी ज्याचे म्हणणे विचार करण्याजोगे वाटे त्यालाच प्रश्न विचारीत असू. ज्याचे ऐकावेसेच वाटत नसे, त्याला मुकाट्याने बोलू देत असू. प्रश्न आला की थांबा, पूर्ण ऐका, आधी ‘होय’ किंवा ‘नाही’ म्हणा आणि मग कारण द्या. ‘त्याकडे मी नंतर येतो’ असे म्हणू नका, कारण पंचाला ते आत्ताच हवे आहे. उत्तर माहीत नसेल तर फाईलमध्ये त्याविषयी काही नाही असे सरळ सांगा आणि जे आहे ते दाखवा. समोर बसलेल्या तिघांत एक जर्मन पद्धतीत वाढलेला, एक इंग्रजी पद्धतीतला, एखादा चिनी किंवा ब्राझीलचा असू शकतो. एखाद्या न्यायालयाने असे म्हटले आहे एवढ्याने प्रत्येकाचे समाधान होत नाही. कराराच्या शब्दांपासून सुरुवात करा, न्यायनिर्णय आधारापुरता वापरा.

तुमच्यापैकी दोघेजण दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकले आहेत आणि आपल्या इंग्रजी उच्चारांची त्यांना धास्ती वाटते, असे अधीक्षकांनी मला सांगितले. मुलांनो, तेथे येणाऱ्या बहुसंख्य मुलांची मातृभाषा इंग्रजी नसते आणि पुष्कळ लवादांचीही नसते. लहान वाक्ये बोला, सावकाश बोला, एका वाक्यात एकच मुद्दा ठेवा. आमच्यापुढे सुंदर इंग्रजी बोलणारे पुष्कळ येऊन गेले. लक्षात राहिले ते, ज्यांचे म्हणणे घरी जाऊन पत्नीला चार वाक्यांत सांगता आले. ही चाचणी तुम्हीही घ्या. आपला मुद्दा सुट्टीत आई-वडिलांना मराठीत समजावून सांगा. त्यांना कळला नाही तर मुद्दाच अजून कच्चा आहे, भाषेचा त्यात दोष नाही.

सहावी गोष्ट दोन्ही बाजू मांडण्याची. सकाळी विक्रेत्याच्या वतीने आणि दुसऱ्या दिवशी खरेदीदाराच्या वतीने बोलणे म्हणजे दुटप्पीपणा नव्हे काय, असे एका मुलीने मला विचारले. मी तिला म्हटले, मी आयुष्यभर सकाळी गिरणीकडून माल घेतला आणि दुपारी गिऱ्हाईकाला विकला. घेणाऱ्याची आणि देणाऱ्याची अडचण मला एकाच दिवसात कळत होती, म्हणून माझे व्यवहार तुटले नाहीत. खोटे बोलणे वेगळे आणि दुसऱ्याच्या जागी उभे राहून पाहणे वेगळे. प्रतिवादीचे निवेदन लिहिताना दावेदार म्हणून केलेल्या स्वतःच्याच लिखाणातील दोष काढावे लागतील. त्यात तुमचे खरे शिक्षण आहे.

सातवी आणि नाजूक गोष्ट. तुम्ही सहाजण आहात आणि एका सुनावणीत दोघेच बोलतात. कोण बोलणार यावरून कुरबूर सुरू आहे, हे आमच्या कानावर आले आहे. पेढीवर गिऱ्हाईकाशी एक जण बोलतो, पण माल आणणारा, नोंद ठेवणारा आणि बिल्टी करणारा नसेल तर त्या बोलणाऱ्याच्या हातात दाखवावयास काही नसते. ज्याने चारशे पानांतून ती एक ओळ शोधली, त्याचे नाव युक्तिवादापूर्वी एकमेकांत तरी घेत जा. वक्ते लवकर ठरवा, सर्वांसमक्ष सराव घेऊन ठरवा, आणि ठरल्यावर तो विषय संपवा. लेखी निवेदन तुमचेच असले पाहिजे. वडीलधाऱ्या वकिलांकडून मार्गदर्शन घ्या, लेखन घेऊ नका. तसेच ज्यांच्याशी पुढे सामना व्हावयाचा आहे त्या संघांची सुनावणी आधी जाऊन ऐकण्यास नियमाने मनाई आहे. कोणी पाहत नसले तरी हा नियम पाळा. ट्रस्टचे नाव तुमच्याबरोबर जाते आहे.

शेवटी चार व्यवहाराच्या सूचना. व्हिसासाठी लवकर अर्ज करा, तिकिटे त्यानंतर काढा. ईस्टरच्या सुमारास तेथे थंडी असू शकते, गरम कपडे न्या. खाकरे आणि भडंग बरोबर असू द्या, कारण सुनावणीच्या दिवशी आपल्याला चालेल असे जेवण शोधण्यात दुपार घालवू नये. आदल्या रात्री जागू नका. कागद क्रमवार लावा, प्रत्येकावर खूण ठेवा. पंचाने पान विचारले की दहा सेकंदांत ते काढता आले पाहिजे. निकाल काहीही लागो, संध्याकाळी समोरच्या संघाशी दोन शब्द बोला. पुढे तीस वर्षे हीच मंडळी जगभर तुमच्यासमोर किंवा तुमच्या शेजारी बसलेली असतील.

आणि परत आल्यावर एक काम करा. हे मी आज सर्वांसमक्ष मागून ठेवतो. ट्रस्टच्या सभागृहात एका रविवारी बसा आणि आपल्या समाजातील जे व्यापारी-उद्योजक बाहेरगावी माल पाठवितात, त्यांना आपापले करार घेऊन यावयास सांगा. शेवटच्या पानावरचे ते बारीक अक्षर त्यांना मराठीत वाचून दाखवा. लवादाचे स्थान कोणते, कोणाचा कायदा, लवाद किती, खर्च कोणाचा, तक्रारीची मुदत किती, एवढे पाच प्रश्न त्यांना विचारावयास शिकवा. एकाचा जरी गाळा वाचला, तरी विश्वस्त मंडळातील आमच्या त्या सहकाऱ्यांच्या प्रश्नाला तुम्ही माझ्यापेक्षा चांगले उत्तर दिले असे होईल. त्या रविवारी पहिल्या रांगेत बसण्याचे त्यांनी मला आत्ताच कबूल केले आहे.

तुम्हा सर्वांना मनःपूर्वक शुभेच्छा. जय जिनेंद्र!